मल्टिमीटरवर ३.३, मग बोर्ड जळाला कसा? डीसी-डीसी कन्व्हर्टरचा ओव्हरशूट

हे आपल्या भागाचं लेखी रूप. लोकलच्या गर्दीत इअरफोन लावून ऐकताना आकडे निसटतात, म्हणून इथे ते सावकाश, एकेक करून मांडलेत. बोलण्याच्या ओघातलं थोडं मागेपुढे केलंय, बाकी मजकूर तोच.

आजचा प्रश्न असा. प्रोजेक्ट तयार आहे. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, त्यापुढे १२ चे ३.३ व्होल्ट करणारं एक छोटं मॉड्यूल, आणि त्यापुढे ईएसपी-३२. मॉड्यूलचा स्क्रू फिरवून मल्टिमीटरवर नीट ३.३० आणलेत. बोर्ड जोडला, स्विच दाबला, आणि चिप गेली. पुन्हा मीटर लावला तर ३.३०. दुसरा बोर्ड आणला. तो चार दिवस चालला, पाचव्या दिवशी स्विच दाबला आणि तोही गेला.

मग निष्कर्ष काय निघतो? "चिपच डुप्लिकेट होती." कधीकधी असतेही. पण बऱ्याचदा चिप अस्सल असते, मीटरही खरं बोलत असतो, आणि घात झालेला असतो तो स्विच दाबल्यानंतरच्या पहिल्या एका मिलिसेकंदात. मीटर सेकंदाला दोन-चार वेळा आकडा बदलतो. त्याला तो मिलिसेकंद दिसतच नाही. साक्षीदार नाही, म्हणून गुन्हा चिपच्या नावावर.

या प्रकाराचं नाव ओव्हरशूट. आउटपुट व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर येऊन थांबण्याऐवजी थोडा वेळ त्याच्या वर जातो आणि मग खाली येतो. ईएसपी-३२ च्या डेटाशीटमध्ये पुरवठ्याची कमाल मर्यादा ३.६ व्होल्ट दिली आहे. ३.३ आणि ३.६ मध्ये अंतर किती? ०.३ व्होल्ट, म्हणजे जेमतेम ९ टक्के. आपल्याला एवढ्याच जागेत खेळायचंय.

मी कामाने सॉफ्टवेअरवाला आहे. पण मला हा विषय आवडतो, कारण ओव्हरशूट हा अर्धा हार्डवेअरचा आणि अर्धा अल्गोरिदमचा प्रश्न आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो आणि पुढे ते उलगडतो: ओव्हरशूट वर दिसतो, पण तयार होतो आधी, दोन ठिकाणी साठलेल्या शिलकीतून. एक शिल्लक कॉइलमधल्या करंटची, दुसरी कंट्रोलरमध्ये साठलेल्या चुकीची. शिल्लक साठू दिली नाही, तर वर अडवायला फारसं काही उरत नाही.

टाकी, पाईप आणि मोटारीजवळचा माणूस

आपण बोलतोय ते बक कन्व्हर्टरबद्दल, म्हणजे जास्त व्होल्टेजवरून कमी करणारा. आत चार मुख्य गोष्टी: एक स्विच, एक कॉइल म्हणजे इंडक्टर, एक कपॅसिटर, आणि या सगळ्यावर नजर ठेवणारा कंट्रोलर.

सोसायटीची गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी म्हणजे कपॅसिटर, पाण्याची पातळी म्हणजे व्होल्टेज. घराघरांतले नळ म्हणजे लोड. मोटार म्हणजे स्विच. टाकीकडे जाणारा लांबच लांब पाईप आणि त्यात धावणारं पाणी म्हणजे कॉइल. पातळी बघून मोटार चालू-बंद करणारा माणूस म्हणजे कंट्रोलर.

यातला पाईप महत्त्वाचा. नळ झटकन बंद केला की भिंतीतला पाईप धाडकन वाजतो, हे घरी कधीतरी ऐकलं असेल. धावतं पाणी एकदम थांबायला तयार नसतं. कॉइलमधला करंटही तसाच. स्विच बंद केला तरी तो त्याच क्षणी थांबत नाही, डायोडमधून वाट काढून कपॅसिटरमध्ये येतच राहतो, हळूहळू शून्यावर येईपर्यंत.

म्हणजे मोटारीजवळचा माणूस कितीही चपळ असला, टाकी भरल्याच्या क्षणी त्याने बटण दाबलं, तरी पाईपातलं पाणी टाकीत येणारच. पातळी वर जाणारच. किती वर, ते दोन गोष्टींवर: पाईपात किती जोर होता आणि टाकी किती रुंद आहे.

आता आकडे

समजा कॉइल ३३ मायक्रोहेन्रीची, आउटपुट कपॅसिटर २२० मायक्रोफॅरडचा, इनपुट १२ व्होल्ट, आउटपुट ३.३ व्होल्ट. कन्व्हर्टरची करंट मर्यादा ४ अँपिअर. लोड सध्या नाहीच असं धरू.

स्विच दाबला. आउटपुट शून्य आहे, हवेत ३.३. कंट्रोलरच्या दृष्टीने ही प्रचंड मोठी चूक, त्यामुळे तो स्विच जमेल तितका वेळ चालू ठेवतो. १२ व्होल्टवर ३३ मायक्रोहेन्रीच्या कॉइलमध्ये ४ अँपिअर व्हायला साधारण ११ मायक्रोसेकंद लागतात. मग करंट ४ च्या आसपास अडकून राहतो आणि कपॅसिटर भरत जातो. २२० मायक्रोफॅरड ४ अँपिअरने ३.३ व्होल्टपर्यंत भरायला लागतात फक्त ०.१८ मिलिसेकंद.

आता ३.३ गाठले. धरू की कंट्रोलर परिपूर्ण आहे, त्याने त्याच क्षणी स्विच बंद केला. पण कॉइलमध्ये अजून ४ अँपिअर आहेत. तिच्यातली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले एल गुणिले आयचा वर्ग. ही सगळी कपॅसिटरमध्ये जाणार. कपॅसिटरची ऊर्जा अर्धा गुणिले सी गुणिले व्हीचा वर्ग. दोन्हींचा हिशोब जुळवला की सूत्र मिळतं:

शेवटच्या व्होल्टेजचा वर्ग = सुरुवातीच्या व्होल्टेजचा वर्ग + (एल × करंटचा वर्ग ÷ सी)

३.३ चा वर्ग १०.८९. एल गुणिले १६ भागिले सी म्हणजे २.४. बेरीज १३.२९. वर्गमूळ काढलं की ३.६५ व्होल्ट. कंट्रोलरने एका क्षणाचाही उशीर केलेला नाही, तरी आपण ३.६ च्या पुढे गेलो.

खऱ्या कंट्रोलरला उशीर होतो. तो फक्त २० मायक्रोसेकंद उशिरा जागा झाला असं धरा. तेवढ्यात ४ अँपिअरने कपॅसिटर आणखी ०.३६ व्होल्ट चढतो, आणि कॉइलमधली ऊर्जा त्यावर अजून भर घालते. शेवट होतो ३.९७ व्होल्टवर. जवळपास ४!

आणि हे चढलेलं व्होल्टेज लगेच उतरतही नाही. डायोडवाला कन्व्हर्टर फक्त वर ढकलू शकतो, खाली ओढू शकत नाही. खाली आणायचं काम लोडचं. लोड फक्त १ मिलिअँपिअर असेल, तर ३.६५ वरून ३.३ वर यायला साधारण ७७ मिलिसेकंद लागतात. चिपच्या आयुष्यात हा फार मोठा काळ आहे.

वर खरी कॉइल, खरा डायोड यांच्यातली ऊर्जेची गळती मी धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे कमी येतील. पण दिशा हीच.

दुसरी शिल्लक: साठलेली चूक

कंट्रोलर उशिरा का जागा होतो? तो मंद असतो म्हणून, हे एक कारण. दुसरं जास्त मजेदार आहे, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच पटेल.

कंट्रोलरच्या आत एक एरर अ‍ॅम्प्लिफायर असतो. हवं ते व्होल्टेज आणि आहे ते व्होल्टेज, यांतला फरक तो नुसता बघत नाही, तो साठवत जातो. गणितात याला इंटिग्रल म्हणतात. त्याचा फायदा मोठा आहे: शेवटी आउटपुट बरोबर ३.३० वर येतो, ३.२७ वर रेंगाळत नाही. पण सुरुवातीला जेव्हा चूक प्रचंड असते आणि करंट मर्यादेमुळे आणखी जोर लावताच येत नाही, तेव्हाही हा हिशोब वाढतच राहतो. ३.३ गाठल्यावर चूक शून्य झाली, पण वहीतली जुनी थकबाकी तशीच. ती फेडायची तर आता उलट दिशेची चूक व्हायला हवी. उलट दिशेची चूक म्हणजेच ओव्हरशूट.

याला इंटिग्रल वाइंडअप म्हणतात. सर्व्हर डाऊन असताना रिक्वेस्ट रांगेत साठत राहतात आणि सर्व्हर उठला की सगळ्या एकदम अंगावर येतात, तसंच. आपण तिथे काय करतो? रांगेला कमाल लांबी घालतो. इथेही तेच करायचं: अ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट एका मर्यादेपलीकडे चढू द्यायचं नाही. याला क्लँप म्हणतात. चांगल्या कंट्रोलर चिपमध्ये तो आतच असतो. तुम्ही मायक्रोकंट्रोलरवर स्वतः पीआयडी लिहीत असाल, तर ही जबाबदारी तुमची. नियम सोपा: ड्यूटी सायकल कमाल मर्यादेला टेकली असेल आणि चूक त्याच दिशेची असेल, तर त्या फेरीत इंटिग्रलमध्ये भर घालू नका. तीन ओळींचा बदल, पण त्याने बोर्ड वाचतो.

पहिला उपाय: सॉफ्ट-स्टार्ट

दोन्ही शिलकी साठतात कारण आपण कंट्रोलरला एकदम सांगतो, "३.३ हवेत, आत्ता." मग तो जीव तोडून धावतो. त्याऐवजी लक्ष्यच हळूहळू वर नेलं तर? आधी ०.१ द्या, मग ०.२, असं करत ४ मिलिसेकंदांत ३.३. प्रत्येक क्षणी चूक छोटी, त्यामुळे वहीत थकबाकी नाही आणि कॉइलवर जोर नाही.

हिशोब बघा. २२० मायक्रोफॅरड ४ मिलिसेकंदांत ३.३ व्होल्टपर्यंत न्यायला करंट लागतो सी गुणिले व्होल्टेज भागिले वेळ, म्हणजे ०.१८ अँपिअर. आधी कॉइलमध्ये ४ अँपिअर होते, आता ०.१८. ऊर्जा करंटच्या वर्गाने जाते, म्हणून ती जवळपास पाचशे पट कमी झाली. वरच्या सूत्रात टाकलं तर कॉइलमधल्या ऊर्जेमुळे होणारी वाढ एक मिलिव्होल्टसुद्धा भरत नाही.

प्रत्यक्षात करायचं कसं? बऱ्याच कन्व्हर्टर चिपना सॉफ्ट-स्टार्टचा वेगळा पाय असतो, त्यावर 'एसएस' लिहिलेलं असतं. तिथे एक छोटा कपॅसिटर जोडायचा. चिप आतून बारीकसा स्थिर करंट देऊन तो भरते, आणि तो जसा चढेल तसं लक्ष्य चढतं. समजा चिपचा रेफरन्स ०.८ व्होल्ट आणि हा करंट २ मायक्रोअँपिअर आहे. मग १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला की वेळ मिळते ४ मिलिसेकंद. काही चिपमध्ये ही वेळ आतच ठरलेली असते, तिथे काही जोडावं लागत नाही.

आणि काहींमध्ये ही सोय नसतेच. बाजारात सगळ्यात सहज मिळणारं निळं मॉड्यूल ज्या एलएम-२५९६ वर बनतं, त्या चिपला पाच पाय आहेत: इनपुट, आउटपुट, ग्राउंड, फीडबॅक आणि ऑन-ऑफ. सॉफ्ट-स्टार्टचा पाय त्यात नाही. चिप जुनी आणि दणकट आहे, मोटार, एलईडी पट्टी, पंखा यांना उत्तम. पण ३.६ वर जीव सोडणाऱ्या चिपला ती थेट जोडण्याआधी दोनदा विचार करा. त्याच कुटुंबातल्या एलएम-२५९९ ला सॉफ्ट-स्टार्टची सोय दिलेली आहे.

मग वेळ कितीही वाढवावी का? नको. व्होल्टेज फार रेंगाळत चढलं तर काही चिपचं रिसेट नीट होत नाही, अर्धवट जाग येते. बहुतेक कामांना १ ते १० मिलिसेकंद पुरे.

सॉफ्ट-स्टार्टला न दिसणारा खड्डा

सॉफ्ट-स्टार्ट काम करतो फक्त सुरुवातीला. नंतर काही झालं तर तो बघत बसतो.

उदाहरण घ्या बाइकच्या हँडलवरच्या मोबाइल चार्जरचं. १२ व्होल्टची बॅटरी, ५ व्होल्टचं आउटपुट. तुम्ही सेल्फ मारला की स्टार्टर मोटार भरमसाट करंट खेचते आणि बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. समजा ते इतकं उतरलं की कन्व्हर्टरला ५ व्होल्ट देणंच जमेना. कंट्रोलरने स्विच पूर्ण उघडला, तरी आउटपुट कमीच. चूक साठत चालली. इतक्यात इंजिन सुरू झालं, बॅटरी पुन्हा वर. स्विच पूर्ण उघडा आहे, वहीत थकबाकी आहे, आणि समोर अचानक १२-१४ व्होल्ट. पुढचं तुम्ही ओळखलंत.

यावर उपाय म्हणजे अंडरव्होल्टेज लॉकआउट. इनपुट एका पातळीखाली गेलं तर कन्व्हर्टरने झगडत राहू नये, सरळ बंद व्हावं. इनपुट सावरलं की पुन्हा पहिल्यापासून, सॉफ्ट-स्टार्टसकट सुरू व्हावं. ज्या चिपना एनेबलचा पाय असतो, त्यांच्यात बहुतेक वेळा दोन रेझिस्टर लावून ही पातळी ठरवता येते. चार्जिंग अर्ध्या सेकंदाने उशिरा सुरू होईल. चालेल की!

शॉर्ट सर्किट सुटल्यावरही हाच प्रकार. शॉर्टमध्ये आउटपुट शून्य, चूक कमाल. शॉर्ट निघाला की उसळी. म्हणून चांगल्या चिप शॉर्ट दिसला की सॉफ्ट-स्टार्टचा कपॅसिटर रिकामा करतात आणि थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतात. याला हिकप मोड म्हणतात, म्हणजे उचकी. डेटाशीटमध्ये हा शब्द दिसला तर खूश व्हा.

लोड अचानक सुटला तर

तिसरी वेळ सगळ्यात अवघड. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ती सतत येत असते. गेम चालू असताना प्रोसेसर भरपूर करंट घेत असतो. तुम्ही स्क्रीन लॉक केली, प्रोसेसर झोपला, करंट क्षणात जवळपास शून्य. पण कॉइलमध्ये आधीचा करंट आहेच, आणि तो आता फक्त कपॅसिटरमध्ये जाऊ शकतो. सगळ्या फ्लॅटचे नळ एकाच वेळी बंद झाले, पाईपातलं पाणी मात्र धावतंय.

इथे सॉफ्ट-स्टार्ट नाही, क्लँप नाही, भौतिकशास्त्र आहे. आपल्याच कन्व्हर्टरवर २ अँपिअरचा लोड सुटला असं धरा, आणि कंट्रोलर परिपूर्ण. कपॅसिटर बदलत जाऊ:

२२ मायक्रोफॅरड असेल तर व्होल्टेज जातं ४.११ वर.
४७ असेल तर ३.७० वर.
१०० असेल तर ३.४९ वर.
२२० असेल तर ३.३९ वर.

३.६ च्या आत राहायचं तर किमान ६४ मायक्रोफॅरड हवेत. हा आकडा सूत्र उलटं फिरवून कुणालाही काढता येतो. डिझाइन करताना ही पहिली आकडेमोड करा, कागदाच्या चिठ्ठीवर होते.

पण दोन सापळे आहेत. पहिला: सिरॅमिक कपॅसिटरवर लिहिलेले मायक्रोफॅरड आणि प्रत्यक्षातले मायक्रोफॅरड वेगळे. डीसी व्होल्टेज लावलं की त्यांची क्षमता कमी होते, छोट्या आकाराच्या कपॅसिटरमध्ये तर बरीच. म्हणून उत्पादकाच्या आलेखात तुमच्या व्होल्टेजला किती उरतं ते बघा. दुसरा: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत एक छोटा रेझिस्टन्स असतो, ईएसआर. तो ०.१ ओहम असेल तर २ अँपिअर आत घुसताक्षणी ०.२ व्होल्टची उडी, टाकी भरण्याआधीच. म्हणून दोन्ही प्रकार शेजारी शेजारी लावतात. मात्र एलएम-२५९६ सारख्या जुन्या चिपचा लूप स्थिर राहायला तो थोडासा ईएसआर लागतोच. तिथे हौसेने सगळे सिरॅमिक लावले तर आउटपुट डोलायला लागू शकतं. डेटाशीटमध्ये कोणता कपॅसिटर चालेल ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

दुसरा मार्ग छोटी कॉइल. स्विच बंद असताना कॉइलचा करंट उतरण्याचा वेग म्हणजे आउटपुट व्होल्टेज भागिले एल. आपल्या उदाहरणात ३.३ भागिले ३३, म्हणजे मायक्रोसेकंदाला ०.१ अँपिअर. चढताना मात्र १२ वजा ३.३, म्हणजे ८.७ व्होल्ट मिळतात, वेग ०.२६. चढणं सोपं, उतरणं अवघड, म्हणून कमी व्होल्टेजच्या आउटपुटला खड्ड्यापेक्षा उसळीची भीती जास्त. फोनच्या प्रोसेसरला तर १ व्होल्टच्या आसपासच लागतं, उतरणं आणखी हळू. म्हणूनच फोनमधले कन्व्हर्टर मेगाहर्ट्झमध्ये चालतात आणि एक मायक्रोहेन्रीच्या आसपासची किंवा त्याहून लहान कॉइल वापरतात.

लूप: घाईही नको, सुस्तीही नको

कंट्रोलरचा स्वभावही जुळवावा लागतो. फार सुस्त असेल तर उसळी मोठी. फार उतावळा असेल तर वर-खाली झोके घेतो. हा समतोल मोजायचं माप म्हणजे फेज मार्जिन. ४५ अंश ही किमान पातळी मानतात, ६० च्या आसपास असेल तर निर्धास्त. ३० वर आलात तर लोड बदलला की आउटपुट घंटेसारखं वाजत राहतं.

हे माप काढायची महागडी यंत्रं घरी नसतात. पण लोड झटकन जोडून-तोडून स्कोपवर बघितलं तरी अंदाज येतो. एक उसळी आणि शांत? ठीक. तीन-चार लाटा? मार्जिन कमी आहे. मग कंपेन्सेशनचे रेझिस्टर-कपॅसिटर डेटाशीटप्रमाणे पुन्हा काढा. वरच्या फीडबॅक रेझिस्टरला समांतर काही पिकोफॅरडपासून काही नॅनोफॅरडपर्यंतचा फीडफॉरवर्ड कपॅसिटर लावायची शिफारसही अनेक डेटाशीटमध्ये असते, तीही बघा.

दिसत नाही तर पकडायचं कसं?

ऑसिलोस्कोप लागेल. कॉलेजच्या लॅबमध्ये असतोच, मागून घ्या. ट्रिगर सिंगल-शॉटवर ठेवा, पातळी ३.३ च्या थोडी खाली, वेळ एका चौकटीला साधारण ०.५ मिलिसेकंद. मग स्विच दाबा.

प्रोबची लांब मगर-क्लिपवाली ग्राउंड वायर काढून टाका, छोटी स्प्रिंग वापरा. लांब वायर स्वतःच अँटेना होते आणि नसलेले काटे दाखवते. बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर मर्यादित करा.

चाचणी सगळ्यात वाईट स्थितीत करा: लोड नसताना, इनपुट कमाल असताना, आणि स्विच पटापट चालू-बंद करून. शेवटची पायरी बरेच जण विसरतात. सॉफ्ट-स्टार्टचा कपॅसिटर पूर्ण रिकामा व्हायच्या आत पुन्हा सुरू केलं, तर उडी अर्ध्यातून सुरू होते. आणि हे सगळं करताना आउटपुटला खरी चिप लावू नका, रेझिस्टर लावा. रेझिस्टर जळला तर रडू येत नाही.

चार्जरची गोष्ट

हा नियम मोठ्या पातळीवर कसा पाळतात, ते तुमच्या चार्जरमध्ये दिसतं. यूएसबी पॉवर डिलिव्हरीमध्ये फोन ५ ऐवजी ९ व्होल्ट मागतो. चार्जर एकदम उडी मारत नाही. मानकानुसार व्होल्टेज चढण्याचा वेग मायक्रोसेकंदाला ३० मिलिव्होल्टपेक्षा जास्त असता कामा नये, आणि स्थिरावल्यावर ते ठरलेल्या आकड्याच्या ५ टक्क्यांच्या आत हवं, म्हणजे ९ साठी ८.५५ ते ९.४५. चढण्याचा वेग लिहूनच ठेवलाय, तो दोन्ही बाजूंना पाळावा लागतो.

प्रोसेसरवालेही स्पष्ट लिहितात. इंटेलच्या एलजीए-७७५ सॉकेटच्या काळातल्या डेटाशीटमध्ये ओव्हरशूटला ५० मिलिव्होल्ट आणि २५ मायक्रोसेकंद एवढी सूट दिलेली होती. किती आणि किती वेळ, दोन्ही. आपल्या प्रोजेक्टलाही असा एक आकडा आधी ठरवून घ्यावा.

शेवटची तटबंदी

एवढं करूनही भीती वाटत असेल तर? पहिला विचार येतो ३.६ व्होल्टचा झेनर लावायचा. मोह आवरा. इतक्या कमी व्होल्टेजचे झेनर धारदार नसतात. ३.३ वरही ते करंट पीत राहतात, आणि खरी उसळी आली की हवं तिथे थांबवत नाहीत.

त्यापेक्षा आउटपुटला ३३० ओहमचा कायमचा रेझिस्टर लावा. तो १० मिलिअँपिअर घेतो, फक्त ३३ मिलिवॉट खातो, आणि आपले ७७ मिलिसेकंद साधारण ७ वर आणतो. बॅटरीवरच्या प्रोजेक्टला हे परवडणार नाही, अ‍ॅडॉप्टरवरच्याला सहज.

आणि ज्यांच्याकडे सॉफ्ट-स्टार्ट नसलेलं मॉड्यूल आधीच पडून आहे, त्यांच्यासाठी सगळ्यात व्यवहारी उपाय: बकने थेट ३.३ बनवू नका, ५ बनवा. पुढे ३.३ चा एलडीओ रेग्युलेटर लावा. ईएसपी-३२ च्या बहुतेक डेव्हलपमेंट बोर्डवर असा रेग्युलेटर आधीच असतो, बऱ्याचदा एएमएस-१११७. तेव्हा ५ व्होल्ट बोर्डच्या ५ व्होल्टच्या पिनला द्या, ३.३ च्या पिनला हात लावू नका. बकचं आउटपुट क्षणभर ५.८ झालं तरी ते एलडीओ झेलतो, १५ व्होल्टपर्यंत तो सोसतो. चिपपर्यंत ते पोचत नाही. किंमत थोडी उष्णता: अर्धा अँपिअर घेतला तर १.७ गुणिले ०.५, म्हणजे ०.८५ वॉट. एका जळालेल्या बोर्डापुढे ही किंमत काहीच नाही.

आता थोडक्यात, स्क्रीनशॉट काढण्यासाठी

एक. चिपची कमाल मर्यादा डेटाशीटमधून लिहून घ्या आणि तुमच्या व्होल्टेजपासून ती किती लांब आहे ते बघा.
दोन. सूत्रात एल, सी आणि करंट टाकून लोड सुटल्यावरचं व्होल्टेज काढा. मर्यादेपलीकडे जात असेल तर कपॅसिटर वाढवा किंवा कॉइल घटवा.
तीन. सॉफ्ट-स्टार्ट असलेली चिप निवडा, १ ते १० मिलिसेकंद ठेवा.
चार. इनपुट डुलणारं असेल तर अंडरव्होल्टेज लॉकआउट लावा.
पाच. कंट्रोल लूप स्वतः लिहिलाय? इंटिग्रलला मर्यादा घाला आणि लक्ष्य उतारावरून चढवा.
सहा. स्कोपवर बघितल्याशिवाय खरी चिप लावू नका. स्कोप नसेल तर मध्ये एलडीओ ठेवा.

यातलं पहिलं आणि दुसरं काम करायला पैसे लागत नाहीत, सोल्डरिंगही लागत नाही. फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो. तुमच्या मॉड्यूलवरच्या कॉइलवर आकडा छापलेला असेल, ३३० म्हणजे ३३ मायक्रोहेन्री, ४७० म्हणजे ४७. कपॅसिटरवरही असतो. दोन्ही वाचा, सूत्रात टाका, आणि तुमचं उत्तर ३.६ च्या आत येतंय की बाहेर, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!